कर्करोगाचे बीज कोठले?

आजचा विषय ऐकायला कठीण वाटेल, पण तो आपल्या अगदी जवळचा आहे. तिरोड्यातल्या कोणत्याही पानठेल्यापुढे दोन घटका उभे राहून पाहा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून खर्रा घोटला जात असतो. रोवणीला निघालेला मजूर तो घेतो, आणि कधी कधी शाळकरी पोरही घेते. घरी म्हातारी आजी दातांना गुडाखू लावते. विडीचे तर विचारूच नका. तेंदूपत्ता आपल्या जंगलातला, तो तोडणारे हात आपले आणि विड्या वळणारे हात आपल्याच आयाबहिणींचे. भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात किती घरांची चूल या धंद्यावर पेटली, हे तुम्हांला मी सांगायला नको.

आणि मग एखादे दिवशी गावात कुजबुज सुरू होते. अमक्याच्या गालातली जखम भरत नाही. तमक्याचे तोंडच उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, नागपूरला जा. घरची माणसे आवाज खाली करून बोलू लागतात. कोणी म्हणते मागच्या जन्मीचे पाप, कोणी म्हणते करणी, कोणी बिचाऱ्याचे ताट-पेले वेगळे करते. या साऱ्याच्या मुळाशी प्रश्न एकच असतो : हा रोग येतो तरी कोठून? त्याचे बीज कोठे असते?

या प्रश्नाचा माग काढता काढता माणसाला दोनशे वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे. तिचा एक धागा लंडनचा आहे, एक अमेरिकेचा आहे, आणि एक आपल्या मुंबईच्या परळमधून थेट खर्रा खाणाऱ्याच्या गालापर्यंत येतो.

रोग काही नवा नव्हे. सुश्रुताने त्याला 'अर्बुद' म्हटले. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटीस याने त्याला खेकड्याचे नाव दिले. आपल्या 'कर्क' शब्दाचाही अर्थ खेकडाच. पण त्याचे कारण काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. शरीरातले रस बिघडतात, एवढेच वैद्य सांगत.

पहिला पक्का दुवा सापडला १७७५ साली. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचे एक शस्त्रवैद्य होते. तेथे घरांची धुराडी साफ करायला लहान मुलांना आत उतरवीत. या मुलांना मोठेपणी अंडकोषाच्या कातडीचा कर्करोग होतो आणि तो अंगाला चिकटलेल्या काजळीमुळे होतो, असे पॉट यांनी दाखवून दिले. पुढे १९१५ साली यामागिवा आणि इचिकावा या जपानी शास्त्रज्ञांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळले आणि तेथे कर्करोग उत्पन्न करून दाखविला. बाहेरची वस्तू अंगात गाठ उठवू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

आता आपल्या देशाकडे वळू. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी ज्यांच्याकडे आली ते डॉ. वसंत रामजी खानोलकर. कोणती पेशी बिघडली हे सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहून सांगणे, हा त्यांचा धंदा. पण खानोलकर नुसते यंत्रात डोळा घालून बसले नाहीत. रोग्याला ते साधे प्रश्न विचारीत. बाबा रे, तू काय खातोस? विडी ओढतोस की तंबाखू चघळतोस? चघळतोस तर गोळी ठेवतोस कोठे?

१९४४ साली त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. दुसऱ्या वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर त्यांनी चालीरीती आणि कर्करोग यांवर लेख लिहिला. त्यात घट्ट कसलेल्या धोतराच्या जागी कमरेवर होणारा कर्करोग होता, तसा खैनीमुळे होणाराही होता. मग १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू चघळणारे आणि ओढणारे यांची पद्धतशीर तुलना केली. निष्कर्ष असा, की सवय बदलली तर रोगाची जागाही बदलते. चघळणाऱ्याला तोंडात होतो, विडी ओढणाऱ्याला जिभेच्या मुळाशी आणि घशात होतो.

आणि तंबाखू ही काही आपल्या पूर्वजांची चाल नव्हे, बरे का! ती पोर्तुगीजांबरोबर आली. अकबराच्या दरबारी ती विजापुराहून नेली असद बेगने, १६०४ च्या सुमारास. म्हणजे जुन्यात जुनी धरली तरी सवय पाचशे वर्षांपलीकडची नाही.

येथवर कारण कळले. पण कारण कळणे वेगळे आणि रीत कळणे वेगळे. एक गोष्ट शास्त्रज्ञांना खटकत होती. चुलीतला जाळ काढला की भाताची उकळी बसते. तंबाखूचे तसे होत नाही. गाठ एकदा वाढीला लागली की माणसाने तंबाखू टाकली तरी ती वाढतच राहते. याचा अर्थ उघड होता. तंबाखूने पेशीच्या आत असा काही बदल केला आहे, की जो पेशी विसरत नाही आणि आपल्या लेकीनातींना देत जाते. तो बदल कोणता?

उत्तराची वाट निघाली एका कोंबडीपासून. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस नावाच्या तरुण शास्त्रज्ञाकडे एक कोंबडी आली. तिच्या छातीला मोठी गाठ होती. राऊस यांनी ती गाठ वाटली आणि तिचे पाणी इतक्या बारीक गाळणीतून गाळले, की त्यातून पेशी काय, जंतूही पार होऊ नये. ते पाणी त्यांनी निरोगी कोंबड्यांना टोचले. त्यांनाही गाठी आल्या! १९११ साली हे प्रसिद्ध झाले. पाण्यातून गेला होता तो एक विषाणू. लोकांनी त्या वेळी फारसे मनावर घेतले नाही. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

या विषाणूत गाठ उठविणारा एकच घटक आहे, असे पुढे आढळले. त्याला 'सार्क' हे नाव पडले. हा घटक विषाणूने आणला कोठून? १९७६ साली कॅलिफोर्नियात मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह याचा छडा लावला, आणि जग चकित झाले. तोच घटक निरोगी कोंबडीच्या पेशीतही होता. बदकात होता, इतर पक्ष्यांतही होता. पुढे तो माणसातही सापडला. विषाणूने तो केव्हातरी कोंबडीच्या पेशीतून उचलला होता आणि चोरी करताना मोडतोडही केली होती. रोगाचे बीज घरच्याच कणगीतले निघाले! बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ साली नोबेल मिळाले.

आता या बीजाची ओळख करून घेऊ. आपला सारा देह आईच्या पोटातल्या एका पेशीपासून वाढतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार. प्रत्येक पेशीत एक लांबलचक पोथी असते. ती चारच अक्षरांत लिहिलेली असते आणि पेशीचे दोन भाग होताना ती पोथी उतरून काढली जाते. पोथीतल्या एकेका कलमाला जनुक म्हणतात. काही कलमे सांगतात, 'आता वाढ'. काही सांगतात, 'आता थांब'. बोट कापले तर भरते, पण भरल्यावर मांस वाढत बसत नाही. हा समतोल याच जनुकांचा. वाढीचे जनुक बिघडले आणि अखंड 'वाढ, वाढ' म्हणू लागले की त्याला कर्कजनुक म्हणतात.

आपल्या भागातल्या माणसाला हे मालगुजारी तलावाच्या उदाहरणाने चटकन समजेल. तलावाला दार असते. बांधीत पाणी हवे तेव्हा दार उघडतात, पाणी पुरले की लावतात. दार वाईट नाही. दार नसेल तर धानच पिकणार नाही. पण दार उघड्या स्थितीत अडकून बसले तर? रात्रभर पाणी वाहील, बांधी भरेल, धुरा फुटेल आणि पीक वाहून जाईल. कर्कजनुक म्हणजे असे अडकलेले दार.

माणसाच्या गाठीत असे अडकलेले दार प्रत्यक्ष सापडले १९८२ साली. अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग, मायकेल विगलर आणि मारियानो बार्बासिद या तिघांच्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींतून 'रास' नावाचे जनुक वेगळे काढले. निरोगी जनुक आणि हे जनुक शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. फरक किती असावा? एका अक्षराचा! या जनुकाच्या हुकमाने एकशे एकोणनव्वद मण्यांची एक माळ तयार होते. त्या एका अक्षरामुळे बारावा मणी बदलला होता. रासचे काम दारासारखेच असते : निरोप आला की उघडायचे आणि काम झाले की आपोआप मिटायचे. बारावा मणी बदलला की ते मिटेनासे होते. शिक्षकबंधूंना हे पटेल. 'दिन' आणि 'दीन' यांत एका वेलांटीचा फरक, पण अर्थाचा केवढा अनर्थ!

आता मुंबईकडे परत येऊ, कारण आपल्या गोष्टीचा मधला सांधा तेथेच आहे. १९५२ साली खानोलकरांच्या पुढाकाराने परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले. त्यात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे होत्या. अमेरिकेहून परतल्यावर त्यांनी येथे पेशी काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली. उंदरांच्या मादीला होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जाणाऱ्या एका विषाणूने होतो, हे ठाऊक होते. तो विषाणू करतो काय, हे १९८२ साली परदेशात उलगडले : तो पेशीच्या पोथीत उंदराच्याच एका वाढीच्या जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि त्याचे दार सताड उघडतो. कोंबडी असो, उंदीर असो, बोट वळत होते एकाच जागेकडे.

मग राहिला आपला तंबाखूवाला. परळच्या त्याच संस्थेतल्या डॉ. धनंजया सारनाथ, डॉ. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन तंबाखू चघळणाऱ्या रोग्यांच्या तोंडातल्या गाठी तपासल्या. निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. सत्तावन्न रोग्यांपैकी वीसजणांच्या गाठीत, म्हणजे शंभरात सुमारे पस्तीस जणांत, रास जनुकाच्या ठराविक ठिकाणची अक्षरे बदललेली होती. पश्चिमेकडच्या लोकांच्या तोंडाच्या कर्करोगात हा बदल फार क्वचित दिसे. खानोलकरांनी पन्नास वर्षांपूर्वी विचारले होते, 'बाबा, गोळी ठेवतोस कोठे?' त्याच गालातून त्यांच्या वारसांनी आता चुकलेले अक्षर काढून दाखविले.

तंबाखू अक्षर कसे बदलते, तेही सांगतो. तंबाखूत नायट्रोसामीन नावाची विषारी द्रव्ये असतात. ती गालाच्या पेशीत शिरतात आणि पोथीच्या अक्षरांना चिकटतात. पोथी उतरून काढताना चिकटलेले अक्षर चुकीचे वाचले जाते. चुना आणि सुपारी गालाचे अस्तर सोलून काढतात. ते भरून येण्यासाठी पेशींना पुन्हा पुन्हा विभागावे लागते, म्हणजे पोथी अधिक वेळा उतरावी लागते, आणि चुका वाढतात. 'मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो' असे म्हणणाऱ्यानेही बेफिकीर राहू नये. सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली दिला आहे. सुपारीने तोंड आखडत जाते. या विकाराचे वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ सालीच केले होते.

पण एक अक्षर चुकले की लगेच कर्करोग झाला, असे मात्र नाही. निसर्गाने राखणदार ठेवले आहेत. त्यांतला मोठा राखणदार म्हणजे 'पी-त्रेपन्न' हे जनुक. १९७९ साली ते सापडले तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यालाच चोर समजले! तो चोर नसून पहारेकरी आहे, हे कळायला दहा वर्षे गेली. पोथीत चूक दिसली की हा पेशीला थांबवितो, दुरुस्ती करवून घेतो, आणि दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावतो. तंबाखू या राखणदारालाही सोडत नाही. २०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांनी, त्यांत टाटा केंद्राचे लोक होते, गाल व हिरड्यांच्या कर्करोगाच्या पोथीतली जनुके वाचून काढली. त्यात पी-त्रेपन्न बिघडलेला होता, रास होता, आणि आणखी कितीतरी जनुके होती.

म्हणजे गाठ पायरीपायरीने वाढते. आधी एक दार अडकते, गालावर पांढरा चट्टा येतो. मग राखणदार पडतो आणि चुका साचत जातात. पुढे गाठ आपल्यासाठी रक्तवाहिन्या ओढून घेते, म्हणजे पाटाचे पाणी चोरून आपल्या बांधीत वळवते. शेवटी तिच्या पेशी जागा सोडून मानेच्या गाठींत आणि दूरवर जाऊन रुजतात. याला बहुधा कित्येक वर्षे लागतात. श्रोतेहो, ही वर्षे म्हणजे आपल्याला मिळालेली मुदत आहे. आपण ती कुजबुजण्यात घालवितो, हे दुःख आहे.

या ज्ञानाचा औषधाला उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. एक उदाहरण सांगतो. रक्ताच्या एका कर्करोगात रंगसूत्राचा एक तुकडा आखूड दिसतो, हे १९६० साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे दिसून आले. दोन रंगसूत्रांचे तुकडे आपसांत बदलल्याने हे होते, असे १९७३ साली जॅनेट रौली यांनी दाखविले. या अदलाबदलीत दोन जनुके जोडली जाऊन एक कर्कजनुक तयार होते. ते नेमके बंद करणारी इमॅटिनिब नावाची गोळी २००१ साली निघाली. जो रोग काही वर्षांत माणूस नेत असे, त्याचे कित्येक रोगी आज रोज गोळी घेऊन संसार करीत आहेत. त्या गोळीच्या एका रूपावरचा मक्तेदारीचा दावा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फेटाळला, आणि स्वस्त भारतीय गोळीची वाट मोकळी राहिली. तोंडाच्या कर्करोगावर मात्र अशी एका गोळीची युक्ती नाही, कारण त्यात एकच दार बिघडलेले नसते. तेथे शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे हाच मार्ग, आणि तो लवकर धरला तर गुण येतो.

आता या सगळ्याचे तात्पर्य तिरोड्याच्या आणि आसपासच्या गावांपुरते सांगतो.

पहिली गोष्ट, तोंडाचा कर्करोग शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. बिघडलेले अक्षर रोग्याच्या गालातल्या पेशीत असते. ते उडून शेजाऱ्याच्या गालात जात नाही. रोग्याचे ताट वेगळे करू नका. दुसरी गोष्ट, हे अक्षर बहुधा आईबापांकडून आलेले नसते. ते आयुष्यात नंतर बिघडलेले असते. काही थोड्या घराण्यांत स्तनाचा किंवा लहान मुलांच्या डोळ्याचा कर्करोग जन्मजात चुकीमुळे होतो. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेव्हा त्या घरच्या मुलीच्या लग्नात हा विषय आडवा आणू नये. पाप आणि करणी यांचा तर येथे काडीचा संबंध नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांसारखा पुण्यपुरुष १९६८ साली याच रोगाने गेला. नागपूरचे कर्करोग रुग्णालय त्यांच्याच नावाने चालते.

तिसरी गोष्ट, आरशापुढे उभे राहून महिन्यातून एकदा तोंड तपासा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, गिळताना त्रास, यांपैकी काही दिसले तर थांबू नका. आपल्या हाताची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तेथून गोंदियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरला पाठवितात. आणि तंबाखू आज सोडली तर नव्या चुका होणे थांबते. मागे झालेली चूक पुसली जात नाही, पण पुढची पायरी चढायची की नाही, हे बरेचसे आपल्या हाती राहते.

विडी वळणाऱ्या बहिणींना यात दोष देण्याचा हेतू नाही. त्यांनी पोटासाठी हात चालविले आणि तंबाखूची धूळही त्यांच्याच नाकातोंडात गेली. दुसरे काम मिळवून देण्याचा विचार गावाने आणि सरकारने केला पाहिजे. नुसता उपदेश पुरत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' नावाने दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम सुरू झाले. म्हणजे गावाने मनावर घेतले तर हालचाल होते.

गुरुजनहो, शेवटची विनंती तुम्हांला. विज्ञानाच्या तासाला पेशीचे चित्र फळ्यावर काढाल, तेव्हा मुलांना हे एका अक्षराचे उदाहरण सांगा. दहा-बारा वर्षांचे पोर खर्रा चाखायला शिकते, तेव्हा त्याच्या गालातल्या पोथीत नुकतीच लिहायला सुरुवात झालेली असते. शुद्धलेखनाची चूक तुम्ही तांबड्या शाईने दुरुस्त करता. ही चूक दुरुस्त करायला तांबडी शाई नाही. ती होऊ न देणे, एवढेच आपल्याला करता येते. आणि ते शाळेत, त्याच वयात करता येते.